कशेळ्याची बिनसावलीची दुपार

मे महिन्यात कर्जतला काय ठेवलंय, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात गड, मेमध्ये नुसता घाम. तरीही माझा सल्ला असा, की एकदा मेच्या मध्यावर जा, टोपी घालून जा आणि दुपारी उघड्यावर उभे राहा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि सत्तरचं दशक संपत आलं होतं.

आमच्या मोहोपाड्यात तेव्हा मुलांचे दोनच प्रकार होते. ज्यांचे वडील कंपनीत होते ते, आणि ज्यांच्या वडिलांना कंपनीत लागायचं होतं ते. माझे बाबा कंपनीत फिटर होते. त्यामुळे माझं पुढचं आयुष्य जवळजवळ आखलेलं होतं, आणि ते आखताना मला कुणी विचारलं नव्हतं. अशात शाळेत सूचना आली, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या मुलांसाठी कशेळ्याला आठवडाभराचं विज्ञान शिबिर आहे, प्रत्येक शाळेतून दोन मुलं घेणार आहेत. आमच्या शाळेतून मी एकटाच तयार झालो. दुसऱ्याच्या मामाचं लग्न होतं.

बाबांना विचारायला मला दोन दिवस लागले. ते सायकलची साखळी बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "जा. पन गुरुवारी दुपारी तीनला साहेबांच्या हापिसात हजर पायजेस. अप्रेंटिसला घेनारेत. मी शब्द टाकलाय."

म्हणजे सोमवार ते शनिवारच्या शिबिरातून मला गुरुवारीच परत यायचं होतं. मी हो म्हणालो. तेव्हा गुरुवारी काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

प्रवास तसा सोपा आणि स्वस्त होता, फक्त सरळ नव्हता. मोहोपाड्याहून एस.टी.ने चौक, चौकात बस बदलून कर्जत, आणि कर्जत स्टँडवर ताटकळून कशेळ्याची गाडी. चौकात थांबाल तेव्हा इरशाळगडाकडे बघा, त्याच्या माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, खालूनही दिसतं. कर्जत स्टँडवर वडापाव खाऊन घ्या, पुढे काही मिळेलच याची खात्री नाही. त्या दिवशी कंडक्टरने माझी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "काय रं, तांदूळ हाय का? कशेळ्यात तांदूळ नाय पिकत व्हय?"

पिशवीत तांदूळच होता. शिबिराला फी नव्हती, पण प्रत्येकाने घरून आठवड्याचा तांदूळ आणायचा होता. कुणाचा जाडा लाल, कुणाचा बारीक कोलम, कुणाचा जुना, कुणाचा यंदाचा. सगळा एकाच पातेल्यात शिजायचा. त्यामुळे पानात निम्मी शितं कच्ची आणि निम्म्यांचा गिचका. पहिल्या दिवशी आम्ही नाकं मुरडली, दुसऱ्या दिवशी आपापल्या घरचं शीत ओळखायची पैज लावली. तसला भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही, आणि आता मुद्दाम कुणी शिजवूनही देणार नाही.

शिबिर गावच्या शाळेत होतं. पूर्वेला भीमाशंकरचा डोंगर भिंतीसारखा उभा, मध्ये कोथळीगडाचा सुळका. सकाळी चालत पेज नदीवर आंघोळीला जायचं. भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिला मिळतं. हे आम्हाला साठे सरांनी नदीतच, गळ्याइतक्या पाण्यात उभं करून शिकवलं. साठे सर शिबिराचे प्रमुख. किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि प्रश्नाला उत्तर म्हणून नेहमी दुसरा प्रश्न विचारणारे. बिस्किटाच्या डब्याला भोक पाडून त्यांनी उलटा कोथळीगड दाखवला. पाण्याच्या थेंबातून मुंगीचा पाय दाखवला. मला वाटायचं, हे सगळं इथंच होतं तर इतकी वर्षं मी काय बघत होतो?

माझी जोडी जमली कडावच्या किसनशी. शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला मोकळा, आणि चूक झाली की आधी स्वतःवर हसणारा. आमच्या दोघांच्या चादरी शेजारी पडायच्या.

मंगळवारी सरांनी सांगितलं, की गुरुवारी दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येणार. बरोबर म्हणजे अगदी बरोबर. सरळ रोवलेल्या काठीला सावलीच पडणार नाही.

"आन माणसाला?" किसनने विचारलं.

"तू उभा राहा आणि मला सांग," सर म्हणाले.

गुरुवारी दुपारी मी एस.टी.त असणार होतो. शिबिरात मला काय हवं असेल तर ते एवढंच हवं होतं, माझी सावली जाताना बघायची. कंपनीच्या फाटकातून आत शिरण्याआधी, एकदा. हट्ट वेडा होता हे कळत होतं, पण तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

रात्री किसनला सांगितलं. तो म्हणाला, "सर म्हनले ना, एक दीस हिकडं तिकडं झाला तरी डोळ्याला फरक कळनार नाय? मंग उद्याच बघू की! तुझ्यासाटनं समदेच बघू."

बुधवारी सर सामान आणायला कर्जतला गेले होते. आम्ही अंगणात बांबूची काठी रोवली. दोरीला दगड बांधून ती सरळ आहे का ते चारही बाजूंनी तपासलं. सगळं शिबिर गोल करून उभं राहिलं. सावली आखडत आखडत वीतभर झाली, मग बोटभर. शाळेच्या घड्याळात बारा वाजले आणि जेवणाची घंटा झाली. बारा म्हणजे भर दुपार, सूर्य डोक्यावर, हे आम्हाला आज्याच्या काळापासून माहीत. सावली मात्र बोटभर होतीच. कुणी म्हणालं काठी वाकडी आहे, कुणी म्हणालं अजून एक दिवस बाकी आहे. भूक लागली होती. सगळे जेवायला गेलो.

हात धुऊन परत आलो तर किसन ओरडला, "दिन्या, सावली पलीकडं गेली रं!"

सकाळपासून पश्चिमेला पडणारी सावली आता पूर्वेला पडली होती. मधे कधीतरी, आम्ही कच्चा-पक्का भात निवडत बसलो असताना, ती नाहीशी होऊन परत आली होती.

संध्याकाळी सरांनी पाण्याचा माठ उपडा घातला आणि ही पृथ्वी म्हणून त्यावर खडूने रेघा ओढल्या. घड्याळं सगळ्या देशाची एक, म्हणाले, आणि ती लावलेली आहेत इथून खूप पूर्वेकडच्या एका रेघेवर. सूर्य तिकडे आधी डोक्यावर येतो, आपल्याकडे नंतर. आपली खरी दुपार घड्याळातल्या बारानंतर अर्ध्या तासाहून जरा जास्त उशिरा होते.

"मंजे आपलं बारा घड्याळात नायच?" किसन म्हणाला.

"आहे. फक्त त्याला बारा म्हणत नाहीत."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, मी गाड्यांचा हिशेब करत होतो. सकाळची गाडी कशेळ्याहून निघून बारानंतर कर्जतला पोचते. सूर्य काही फक्त कशेळ्याच्या अंगणात डोक्यावर येत नाही, कर्जत स्टँडवरही येणारच. चौकावरून जाणाऱ्या पनवेलच्या गाडीची वाट बघत मी उघड्यावरच उभा असेन. मग मला कुणाची गरज नव्हती.

गुरुवारी निघताना सरांनी एवढंच विचारलं, "राहता नाही येणार?" मी मान हलवली. किसनने माझी पिशवी फाट्यापर्यंत आणली. "तू कर्जतात बघ, मी हितं बघतो," तो म्हणाला. "येकाच येळंला." गाडी सुटल्यावर मी मागच्या काचेतून बराच वेळ बघत राहिलो. माझ्या जागी अंगणात आता दुसरं कुणी उभं राहील, एवढंच डोक्यात होतं.

कर्जतला उतरलो. ऊन नुसतं ओतत होतं. स्टँडवरच्या खांबाची सावली दोन बोटं उरली होती. आणि पनवेलची गाडी, जी रोज आपली खुशाल उशिरा येते, ती त्या दिवशी दारं उघडून उभी होती.

"चौक, पनवेल! चला, चला!" कंडक्टर दाराला लटकून ओरडत होता.

"जरा थांबाल का? थोडाच वेळ," मी म्हणालो.

"कोन येनारे?"

मी वर सूर्याकडे बघितलं. "कुणी नाही."

"मंग चढ की! पुढची गाडी संध्याकाळला हाय."

मी चढलो. मधल्या वाटेत करवंदांच्या दोन पाट्यांमध्ये उभा राहिलो, खिडक्या लांब, डोक्यावर गाडीचा टप. कर्जत आणि चौक यांच्यामध्ये कुठंतरी ती वेळ गेली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "रडतंस का रं पोरा, कोन गेलं?" मी म्हणालो, घाम आहे.

मोहोपाड्याच्या थांब्यावर बाबा उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला. "साहेब आज आलेच नायत," ते म्हणाले. "उद्या बोलावलंय. सकाळीच कळलं. पन तुला निरोप धाडनार तरी कसा? कशेळ्यात कुनाला फोन करनार?"

बाबांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. घरापर्यंत ते पुढे आणि मी मागे.

शुक्रवारी आम्ही दोघं कंपनीत गेलो. बाबांनी अर्धी रजा टाकली होती. मला आतल्या बाकावर बसवलं. बाबा बाहेर आवारात थांबले, सावलीला गेले नाहीत, साहेबांनी मधेच हाक मारली तर काय घ्या! बारा वाजून गेले तरी माझा नंबर आला नव्हता. मग हाक आली. साहेब भला माणूस होता. गणितातले मार्क, घरची माणसं, असं विचारत होता. त्याच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत बाबा दिसत होते.

बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या शेजारच्या लोखंडी पाइपकडे गेलं. त्याला सावली नव्हती. बाबांची सावली पायांखाली शिरली होती, चपलांच्या कडेला काळी किनार उरलेली, बस्स. सगळ्या आवारात उन्हाशिवाय काही नव्हतं आणि त्याच्या मधोमध माझे बाबा रुमालाने मान पुसत उभे होते. त्यांना काही माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, खाली बघा!

"लक्ष कुठे आहे?" साहेबाने विचारलं.

"इथंच आहे, सर," मी म्हणालो.

जूनपासून ये म्हणाला. बाहेर येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत. मी आधी खाली बघितलं. पाइपच्या पूर्वेला बोटभर सावली आली होती.

"बाबा, मघाशी तुम्हाला सावली नव्हती."

"हाय की रं!" त्यांनी मागे वळून पाहिलं. "उन्हानं डोस्कं फिरलं तुझं."

मग रस्ताभर मी त्यांना सगळं सांगितलं. माठ, रेघा, घड्याळ, किसन. ते आपले पुढे बघत चालत होते. मला वाटलं, ऐकतच नाहीयेत.

आता जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. रस्ता चांगला झालाय, कर्जतहून कशेळ्याला रिक्षा आणि टेंपोही मिळतात. मेच्या मध्यावर दोन-तीन दिवस हाताशी ठेवा, दुपारचं जेवण उशिरा घ्या. जुलैच्या अखेरीसही सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे तो दिसतो कुठे? निवृत्त झाल्यावर मी स्वतः कशेळ्याला जाऊन हे सगळं नीट पाहून आलो. छान वाटलं. कडावला किसनची चौकशी केली, तो गाव सोडून कधीच गेला होता. पण त्या प्रवासातलं जे माझ्याजवळ राहिलं ते कशेळ्यात घडलं नाही, आमच्या दारात घडलं.

त्या आठवड्याच्या रविवारी सकाळी उठलो तर अंगणात खाडखाड आवाज. बाबांनी जमिनीत पहार ठोकली होती. कंपनीतला ओळंबा आणून ते एक डोळा मिटून ती सरळ करत होते, हातोडीने हळूच टोला, पुन्हा ओळंबा, पुन्हा टोला. भोवतीची जमीन झाडून लख्ख केली होती. मला बघून म्हणाले, "ये. आजून फार फरक नसंल पडला ना? दाव मला."

आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी हे काय? बाबा म्हणाले, तू पन ये बघायला.

दहाच्या सुमाराला ढग यायला लागले. बाबा खुर्ची टाकून पहारीशेजारी बसले. बारा वाजले, आई जेवायला बोलावत राहिली, ते उठले नाहीत. मला म्हणाले, "आपलं बारा आजून व्हायचंय." आम्ही दोघं त्या झाडलेल्या जमिनीकडे बघत बसलो. ऊन काही पडलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी पहार हलवून हलवून उपटली, माती झटकली आणि म्हणाले, "पुढल्या वर्साला."

पुढच्या वर्षी ऊन स्वच्छ होतं. त्या वेळेला आम्ही दोघंही कंपनीच्या पत्र्याखाली होतो.