मागे न येणारं रबर

लॅबमधले किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. चार मित्र बसले की मी सांगतो, सगळे हसतात. हल्ली मात्र लक्षात आलंय, बहुतेक किश्शांत गाढव मीच असतो!

आमचं काम तसं सोपं. लिक्विड क्रिस्टलचं रबर कॉम्प्युटरवर ताणायचं आणि आतले रेणू कुठे वळतात ते बघायचं. घाटकोपरला शेजारच्या कामतकाकूंना आईने हे अभिमानाने सांगितलं. काकू कुकरची रिंग घेऊन हजर! "रबरात पीएचडी केलीस ना? ही सैल झालीय, बघ रे जरा." मी अर्धा तास रेणू समजावले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे नवीनच आणू ना?"

*

एकदा मी तीन आठवडे रबर चुकीच्या दिशेने ताणत होतो. रेणू उभे, माझा ताण आडवा! आमच्या लॅबच्या सरांनी ग्राफ बघून विचारलं, "हे आडवं का ताणलंस?" वाट लागली म्हटलं. तोंडातून निघालं, "मुद्दाम, सर. तुलनेसाठी." सर खूश! "झकास! पेपरमध्ये घालू." घातलं. त्या पेपरबद्दल कोणी अभिनंदन केलं की मी अजून विषय बदलतो.

*

मग प्राजक्ता आली. मुलुंडची, माझी ज्युनिअर. तिला मी माझाच प्रोग्रॅम दिला. महिन्याभराने विचारायला आली, "दादा, ताण सोडला तरी रबर मागे येतच नाही रे." मी मान वर न करता म्हणालो, "घाई करू नकोस. प्रोग्रॅमचा रन अजून लांबव." बिचारीने सहा महिने लांबवला!

*

तिच्या पीएचडी सेमिनारच्या आदल्या दिवशी मी तो प्रोग्रॅम सहज उघडला. रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधणारी ओळ मीच कधीतरी टेस्टिंगसाठी बंद केली होती. गाठीच नाहीत, तर रबर मागे येणार कसं? लाज वाटली. तरी तिला फोन केला नाही.

सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथ्याच स्लाइडवर बोट ठेवलं. "हे रबर आहे की काकवी?" हॉल हसला. प्राजक्ताने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सॉरी सर, तपासायचं माझ्याकडून राहिलं." सगळं काम पुन्हा करायला सांगितलं तिला.

बाहेर चहा घेताना सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, ज्युनिअरवर जरा लक्ष ठेवत जा."

मी म्हणालो, "हो सर!"