यमाच्या दिशेला पिवळे दिवे

नागभीडच्या रेल्वेफाटकापाशी मी उभा होतो आणि फाटक मला दिसत नव्हतं. पौषातली पहाट, धानाच्या बांध्यांवरून उठलेली धुई (धुकं) इतकी दाट की समोरून येणारी बैलजोडी आधी घुंगरांनी कळायची, मग श्वासानं आणि शेवटी शिंगांनी.

पोंभुर्ण्याच्या नव्या मिडल स्कूलवर मास्तर म्हणून मी रुजू व्हायला निघालो होतो. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी आणि बी.एस्सी. झालेला तर सगळ्या पंचक्रोशीत पहिला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगतो, एवढंच.

जायला गाडी मिळाली राजेश्वररावांची. हे जुने मालगुजार (सारा वसूल करणारे जमीनदार). मालगुजारी गेली, तेव्हा त्यांनी लाकडाचा ठेका धरला. पण फेटा आणि आवाज तोच ठेवला. त्या सकाळी दहाला पोंभुर्ण्याला कुपाचा (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा) लिलाव होता.

"मास्तर, हा कूप हातचा गेला ना, तं उन्हाळाभर आरागिरणी बंद. माणसं घरी बसवा लागतीन," ते म्हणाले. "अन् ह्या धुईत गाडी जाईन कशी? म्हणून नागपूरवरून हे पिवळे दिवे आणले. आणल्यापासून एक डाव बी पेटले नाई. तुमी सायन्सवाले ना? मंग पाहा."

लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेली जीप, तिच्या बंपरवर दोन पिवळ्या काचांचे धुक्याचे दिवे, काचांवर दसऱ्याचं हळदकुंकू. ड्रायव्हर गफूरभाई बिडी ओढत बाजूला उभे. त्यांनी आजवर तीन उपाय केले होते: दिव्याला थापट मारणं, बटण पुन्हा दाबणं आणि बनवणाऱ्याला शिव्या देणं.

मी कोट काढला. बल्ब सोडवून दोन तारांनी थेट बॅटरीला लावला. पेटला. म्हणजे बल्ब ठीक. दिव्याकडे येणारी तार गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली, ठिणगी उडाली. म्हणजे वीज दिव्यापर्यंत येते. मग अडते कुठं? दिव्यातून बाहेर पडलेली वीज गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परतते, आणि परतीची वाट बंद होती. राजेश्वररावांनी नव्या दिव्यांच्या मानासाठी बंपरवर लाल तैलरंगाचे जाड थर चढवले होते आणि दिवे त्या रंगावर आवळले होते. मी चाकूनं बोल्टाखालचा रंग खरवडला, लोखंड चकाकलं, दिवे पुन्हा आवळले.

दोन्ही पेटले. हळदकुंकू पुसू का, म्हणून विचारलं. "पुढच्या दसऱ्याले," उत्तर आलं.

आम्ही निघालो. पिवळा उजेड जमिनीलगत पसरला, चाकोरी दिसू लागली. मी मनात स्वतःला पहिला वर्ग दिला. तेवढ्यात गाव संपलं, सिंदेवाहीच्या सडकेला गाडी वळली आणि गफूरभाईंनी दिवे विझवले.

"काय झालं?"

"सडक दक्षिणेले वळली, मास्तर."

"मग?"

मागून राजेश्वरराव बोलले, "दक्षिणेले दिवा लावत नाई. माया बापानं जन्मात लावला नाई. वर्षातून एक डाव, धनतेरशीले, यमाले दाखवाचा. बाकी दिवशी दाखवला तं तो समजते, बोलावलं."

पोंभुर्णा नागभीडच्या दक्षिणेला आहे. सगळी सडकच दक्षिणेला आहे.

"आणि गाडीचे मोठे दिवे? ते तर चालू आहेत!"

"ते गाडी बनवणाऱ्यानं लावले. पाप त्याचं. हे मी लावले."

मोठ्या दिव्यांचा पांढरा झोत धुक्यावर आपटून परत आमच्याच डोळ्यांत येत होता. मी गफूरभाईंकडे पाहिलं. "मले काय," ते म्हणाले, "मालकाचा दिवा, मालकाचा यम."

सिंदेवाहीच्या अलीकडे आम्ही एका बंडीत (बैलगाडीत) घुसलो. सुदैवानं ती तणसाची (धानाच्या काडाची) होती. राजेश्वररावांचा फेटा तणसात गेला आणि फेट्याच्या जागी तणीस आली.

"काऊन बे, दिसत नाई का?" बंडीवाला ओरडला. "दिवे कायले लावले मंग, शोभेले?"

"दक्षिण आहे," गफूरभाई म्हणाले.

"असं का," म्हणत तो एकदम नरमला. त्याला पटलं होतं. त्या सडकेवर ज्याला पटलं नव्हतं असा मी एकटाच होतो.

मी घड्याळ राजेश्वररावांपुढे धरलं. त्यांचा चेहरा उतरला. तणीस झटकत ते हळूच म्हणाले, "मास्तर, गिरणीवरच्या माणसाइले काय सांगू मी? पण बापाचा नेम तरी कसा तोडू?"

मला वाईट वाटलं. मी पाना मागितला. डावा दिवा फिरवून अर्धा पूर्वेकडे केला, उजवा अर्धा पश्चिमेकडे.

"आता हा आग्नेयेला बघतो. अग्नीचीच दिशा, दिव्याला उत्तम."

"अन् तो?"

"नैऋत्येला."

"तिथं तं राक्षस राह्यते!"

"उजेड दिसला की पळतो," मी म्हणालो. हे विद्यापीठाच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

राजेश्वररावांनी डोळे मिटून विचार केला आणि मान डोलावली. दिवे पेटले. तिरळ्या माणसासारखी जीप निघाली. पण सडकेच्या दोन्ही कडा, धुरे (बांध) आणि बोड्यांचं (शेततळ्यांचं) पाणी स्वच्छ दिसू लागलं. दोन कडांच्या मधून गफूरभाईंनी गाडी अशी हाणली की राक्षस खरंच पळाला असावा.

मूल गावाशी धुई विरळ झाली. गरम भजी आणि चहा घेताना गफूरभाईंनी टपरीवर सगळी हकिकत सांगितली. भोवती गर्दी जमली. गाडीपेक्षा मला जास्त लोक पाहत होते. मी कोट घातला.

पोंभुर्ण्याला वेळेत पोचलो. दोन मोठे ठेकेदार धुक्यात कुठंतरी अडकले होते. कूप राजेश्वररावांना मिळाला. शाळेत गेलो, तर चार भिंती आणि वर आभाळ. "संक्रांतीनंतर या, मास्तर," गावचे पंच म्हणाले, "छप्पर चढवून राह्यलो."

म्हणून त्याच जीपनं परतलो. लख्ख ऊन पडलेलं. राजेश्वररावांनी दिवे सरळ करायला लावले आणि दोन्ही पेटवले. "उत्तरेले कुबेर राह्यते. दिसू द्या त्याले."

मूलला थांबलो. टपरीशेजारी एक मिस्त्री एका ट्रकचे दिवे पान्यानं बाहेरच्या बाजूला वाकवत होता. धुक्याचे नव्हेत, साधेच दिवे.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"अशे ठेवले म्हणजे राक्षस येत नाई, गाडी धडकत नाई. नागपूरच्या कॉलेजात शिकवते म्हणे."

"कोण म्हणालं?"

"एक मास्तर आला होता सकाळी. लई शिकलेला."

राजेश्वररावांनी अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारली. मागे आणखी दोन ट्रक रांगेत उभे होते.

घरी पोचल्यावर वडिलांनी विचारलं, "शिकवणं सुरू झालं का?" मी सांगितलं, शाळेला अजून छप्पर नाही, पण शिकवणं सुरू झालं आहे.