काकूंनी न केलेली तक्रार

शिंप्यानं ब्लाऊज घट्ट शिवला, तर विमलकाकू त्याला "एकदम बढिया बना है, भैया" म्हणायच्या आणि घरी येऊन दोन हूक उघडे ठेवून पदराखाली तोच घालायच्या. माधव नगरात आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेनं उभ्या जन्मात कुणाच्या कामाला तोंडावर नावं ठेवली नाहीत. मी वैतागायचे. "अहो, बोला की जरा!" तर म्हणायच्या, "त्याचा दिवस कशाला नासवायचा गं?"

आमच्या गल्लीतली नेहा दातांची डॉक्टर झाली. तिनं देवास गेटजवळ दवाखाना थाटला, तेव्हा पहिली पेशंट काकूच. दाढेवर कॅप बसवून आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चावताना कळ यायला लागली. सेव म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण आता ती पोह्यांवर टाकून मऊ होईपर्यंत वाट बघत बसायच्या.

"कॅप उंच बसली असेल, घासून देईल ती. जाऊन या ना!"

"कॅप म्हणजे नवी सूनच गं, रुळेल हळूहळू. आणि पोरीची बोहनी आहे. माझ्याच तोंडून तक्रार? ना बाबा!"

नेहा रस्त्यात भेटली, की काकू हसून तिची पाठ थोपटायच्या.

मग एका संध्याकाळी त्या गालाला हात लावून जिन्यातच बसलेल्या दिसल्या. म्हणाल्या, हल्ली जिना चढला की दाढ फार ठणकते.

"दाढेला काय पाय फुटलेत?" मी डाफरले. "ते काही नाही. उद्या मी तुम्हाला नेहाकडे नेणार म्हणजे नेणार."

"ने बाई. पण तिला रागावू नकोस हं."

सकाळी बोलवायला वर गेले, तर काकू खुर्चीतच संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. चावतानाची कळ कॅपची असेल. जिन्यावरची मात्र हृदयाची होती. जबड्यात दुखतं म्हणे असं कधीकधी. काय करायचं हे कळून आता?

नेहा धावत आली. "मावशी, त्यांना दुखत होतं? मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी खरं तेच सांगितलं. जिन्यातलं ठणकणंही सांगितलं.

"जिना चढताना दुखतं, एवढंच म्हणाल्या असत्या ना, तर मी त्यांना तिथूनच हॉस्पिटलात नेलं असतं. हे आम्हाला शिकवतात, मावशी!"

जिचं मन दुखू नये म्हणून काकू गप्प राहिल्या, ती पोरगी त्यांच्या पायांशी बसून ऊर फुटेस्तोवर रडत होती.