हेडसेटचं वेगळं कापड

हेडसेट डोक्यावरून काढून मी साहेबांपुढं धरला. त्यांनी हात पुढं केला नाही. शिपायाला म्हणाले, "पहले इसे पोंछो."

माझ्याआधी तोच हेडसेट ड्राफ्ट्समननं घातला होता. मे महिना, एसी बंद, गडी घामानं निथळत होता. तेव्हा कुणी पुसला नाही.

आमचं ऑफिस ग्वाल्हेरला, सिटी सेंटरमध्ये. मुरारला एका दवाखान्याची इमारत बांधत होतो. आर्किटेक्ट पुण्यात. दर सोमवारी ते तिकडून आणि आम्ही इकडून डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घालायचो आणि कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये, अजून न बांधलेल्या मजल्यांवर एकत्र फिरायचो. भिंत कुठं, पाइप कुठून, तिथंच ठरायचं. फिरवून दाखवायचं काम माझं, साइट इंजिनियरचं.

इथल्या हिंदीवाल्यांना आमची आडनावं कळत नाहीत. "मराठी हैं" म्हणतात आणि सोडून देतात. साहेब मात्र मराठी. त्यांचे पणजोबा दरबारात कारकून, माझे फौजेत शिपाई. नोकरीच्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे वा, आपल्यातलीच निघालीस." मग पूर्ण नाव विचारलं, मूळ गाव विचारलं. परत कधी 'आपल्यातली' म्हणाले नाहीत. शिकलेला माणूस, पण जात हुंगायला नाक तिखट.

पुसण्याच्या त्या प्रकारानंतरच्या सोमवारी माझ्यासाठी वेगळं कापडी कव्हर आलं. बाकी सगळ्यांत मिळून एकच. माझं बाथरूमच्या दाराशी, खिळ्याला. "हायजीनसाठी गं," साहेब म्हणाले. आईला शाळेत माठाला हात लावू देत नसत. ती सांगायची तेव्हा मला ते जुन्या काळचं वाटायचं.

मी मुकाट्यानं ते कव्हर वापरलं. घरी नेऊन धुतलंही. लाज वाटायची ती त्यांची नाही, माझीच. त्याचाच आज जास्त संताप येतो.

एका सोमवारी कव्हर सापडेना. पुण्याची माणसं मॉडेलमध्ये येऊन थांबलेली, लॅपटॉपवर दिसत होती. मी हेडसेट उचलला तसे साहेब हळूच म्हणाले, "तशीच घालू नकोस. ओढणी बांध डोक्याला."

लॅपटॉपमधून पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी विचारलं, "काय झालं? सुरू करायचं ना?"

"दोन मिनिटं. जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे," साहेब म्हणाले.

मी माइकजवळ गेले.

"टेक्निकल काही नाही, मॅडम. मी घातलेला हेडसेट इथं विटाळतो. म्हणून माझ्यासाठी वेगळं कापड शोधताहेत."

मॅडम म्हणाल्या, "हे आपण नंतर ऑफलाइन बोलू. आधी दुसरा मजला बघून घेऊ या का?"

ते 'नंतर' कधी आलं नाही. मीही वाट बघितली नाही. त्याच क्षणी उघड्या डोक्यानं हेडसेट घातला आणि दुसरा मजला दाखवला, कोपरा न् कोपरा. काढून टेबलावर ठेवला. कुणाच्या हातात दिला नाही.

आता मला ऑफिसातून हलवून कायम साइटवर टाकायचं चाललंय. "वहाँ तुम्हारी ज़्यादा ज़रूरत है" असा निरोप आलाय. मी लेखी कारण मागितलंय. ते येईपर्यंत जागा सोडणार नाही, राजीनामाही देणार नाही. सोमवारी हेडसेट मीच घालणार, तसाच. ज्याला तो पुसायचा असेल त्यानं माइक चालू असताना पुसावा, आणि का पुसतोय ते आधी मोठ्यानं सांगावं.