आदी ठोकळा, मग स्लॅब

सिव्हिल डिपार्टमेंटमदी किस्सं कसं साठत्यात सांगू? आमच्या लॅबच्या मागं फुटलेल्या ठोकळ्यांचा ढीग हाय. रोज दोन-चार पडत्यात, कुणी उचलत न्हाय, आन एक दिवस बगाल तर खिडकीच झाकलीया! किश्शांचं बी तसंच.

आमचं विद्यापीठ कोल्हापूरच्या भाईर, हायवेच्या कडंला. नाव सांगत न्हाय, रिटायर व्हायला अजून येळ हाय! मी लॅबमदी मदतनीस. शाळा सातवीपातूर, ती बी मास्तरांनी ढकलली म्हणून. काम काय, तर कॉन्ट्रॅक्टर सायटीवर वतलेल्या काँक्रीटचंच ठोकळं भरून, म्हयनाभर मुरवून आणत्यात, ते मशीनमदी घालून फोडायचं. काटा कुटवर चढला ते सर बगत्यात. काटा कमी चढला की काँक्रीट कच्चं, काम बंद. दिवसभर फोडायचंच काम, म्हणून डोस्कं बी तसंच झालंय.

आन माझा इस्वास कशावरच न्हाय. बोर्डावर रोज नवी बातमी लागती, 'विभागाचे यश'. मी म्हणतो, बगू की! का म्हणाल, तर पेठ वडगावच्या पल्याड माझी लेक दिलीया. तितल्या शाळंची नवी खोली बांदाय घेतलीती, आन त्या खोलीत माझी नात गौरी बसणार व्हती. त्या खोलीचं ठोकळं बी हितंच येणार व्हतं. मग संशय धरू नगो तर काय करू?

*

पोरांनी काँक्रीटची बोट केलती. स्पर्धेला न्यायच्या आदी आमच्याच तळ्यात सोडून बगायचं ठरलं.

मी म्हणलो, "सिमीट कुटं तरंगतंय व्हय? खालनं थर्माकोल चिकटवला आसंल!"

पँट वर केली, पाण्यात शिरलो आन बोटीच्या पोटाखालनं हात फिरवला. काय न्हाय! पोरं वरडली, "मामा, बसा की आत!"

"मी कशाला मरू? आदी तुमच्या हेडला बसवा!"

हेड मॅडम मागंच हुब्या. वाटलं, आता गेली नोकरी. बाईंनी पदर खोचला आन गेल्या की बसून! बोट झोकात पल्याड गेली.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर फोटो. मॅडम बोटीत, मी गुडघाभर पाण्यात, हात खाली घाटलेला. खाली लिवलंय, 'बोटीस आधार देताना कर्मचारी'. आधार कसला? मी चोरी धराय गेलतो!

*

एकदा कमिटी आली. तिनं खूश व्हऊन ग्रेड दिला की डिपार्टमेंटचं नाव व्हणार. लॅबमदी एक मशीन कैक वर्सं बंद. माने सरांनी, म्हंजे लॅब सांभाळणाऱ्यांनी, तिला माझ्याकडनं हिरवा रंग मारून घेतला. अशी चकाकत व्हती म्हणताय!

कमिटीतल्या म्हाताऱ्या साहेबानं नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं. "जरा चालू करून दाखवा."

सरांनी माझ्याकडं बगितलं. मी म्हणलो, "साहेब, लाईट गेलीया."

साहेबानं मान वर केली. डोस्क्यावर फॅन गरागरा! साहेब म्हणालं, "मग हा?"

"ह्यो मगाच्या जोरावर फिरतोय, साहेब. थांबंल आता."

मग काय! कमिटी, मॅडम, माने सर आन मी, सगळी मान वर करून हुबी. फॅन काय थांबंना!

ग्रेड मातर झकास मिळाला. कसा, ते मला इचारू नगा. मला बी संशयच हाय.

*

प्लेसमेंटची बातमी लागली. आमच्या एका पोराला मोठ्या कंपनीत नोकरी. हार घाटला, फोटो काढला.

मी इचारलं, "काय बांदणार रं?"

"मामा, कॉम्प्युटरची कंपनी हाय. बसून काम."

"पण बांदणार काय?"

"काय न्हाय."

"मग चार वर्सं माझ्या लॅबमदी सिमीट कशाला नासलंस?"

*

माने सरांना विटंचं पेटंट मिळालं. साखर कारखान्यातल्या राखंची वीट. पेढं वाटलं. मी पेढा खाल्ला, पण विटंवर इस्वास ठेवला न्हाय. एक वीट पिशवीत घालून घरला नेली आन गोठ्यात म्हशीच्या मागल्या पायाखाली बसवली. जितं शेण-मूत पडतंय, नेमकं तितंच! शेजारी आपली भट्टीतली साधी वीट.

सर भेटलं की इचारायचं, "शामराव, माझी वीट काय म्हणते?"

"म्हस इचार करतीया, सर."

सहा म्हयन्यांनी बगितलं तर साधी वीट खपली धरून फुटाय लागलीया, आन सरांची जशीच्या तशी! माझं त्वांड बारीक झालं. पण खरं ते खरं, सांगितलं जाऊन.

सरांनी लगेच बोर्डावर लावलं, 'ग्रामीण भागात प्रत्यक्ष वापर यशस्वी'.

ग्रामीण भाग म्हंजे माझी म्हस!

*

आता ह्यो शेवटचा. शाळंच्या खोलीचं काम घेतलंतं तानाजीनं. तानाजी म्हंजे माझा साडू, लेकीच्याच गावचा. एक दिवस आला लॅबमदी टेंपो घिऊन. "पावणं, शाळंच्या स्लॅबचं ठोकळं आणल्यात. म्हयना झाला स्लॅब वतून."

मी मशीनमदी एक घाटला. काटा असा पळाला की सर म्हणालं, "वा! फार छान काँक्रीट."

पण माझं डोस्कं भणाणलं. काँक्रीटपायी न्हाय, मटणापायी! आमच्याकडं स्लॅब वतला की त्या दिवशी मटण शिजतंय. गवंडी, गडी, पै-पावणं, सगळी जेवत्यात. आन सख्ख्या साडूला बलावणं न्हाय?

लेकीला फोन लावला. "स्लॅबचं मटण वरपलंसा आन बापाला इसरलीस व्हय गं?"

"कसला स्लॅब, आबा? अजून भिंती खिडकीपातूरच आल्यात की!"

मी फोन ठेवला आन तानाजीची कॉलर धरली. "स्लॅब न्हाय तर ठोकळं कुटनं आणलास रं? पोरगं व्हायच्या आदी बारसं घालतुयास?"

आरडावरडा ऐकून मॅडम आल्या. "शामराव, आधी कॉलर सोडा."

तानाजी म्हणतोय कसा, "म्याडम, घरीच भरून ठेवतो. सिमीट जरा जास्त घालतो, म्हंजे पास व्हत्यात. स्लॅबच्या गडबडीत कोण ठोकळं भरत बसणार? समदी असंच करत्यात!"

"गौरी बसणार हाय त्या खोलीत, भाड्या! तुला आजा म्हणती ती!"

मग मी कॉलर सोडली.

मॅडम शांतपणानं म्हणाल्या, "हे ठोकळे परत न्या. स्लॅबच्या दिवशी आम्ही येतो. ठोकळे आम्हीच भरणार, मी सांगेन त्या घमेल्यातून."

स्लॅबच्या दिवशी मॅडम पोरांना घिऊन खरंच आल्या. मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसल्या. तानाजी त्येंच्याकडं बगत बगत सिमीट वतत व्हता, देवाला अभिषेक घालावा तसा!

दुपारी पंगत बसली. तानाजी आला. "पावणं, ताट वाढलंय."

"ठोकळं फुटू देत. मग जेवतो."

लेक कानाशी म्हणाली, "आबा, लोक बगत्यात!"

"बगू देत."

उपाशी घरला आलो. मॅडम मातर दोन वाट्या रस्सा पिऊन आल्या!

म्हयना झाला. ठोकळं फोडायचा दिवस. सकाळीच तानाजी दारात हुबा, हातात डबा. "बायकूनं मटण दिलंय."

"ठेव तितं."

माने सरांनी काट्याच्या तबकडीवर लाल खूण केली. काटा हिच्या पल्याड गेला तर खोली पास, न्हायतर स्लॅब पाडायचा. मॅडम बी यिऊन हुब्या ऱ्हायल्या. मी ठोकळा घाटला, मशीन चालू केली. इतकी वर्सं फोडतोय, पण त्या दिवशी मी बी काटा बगाय वाकलो.

काटा हळूहळू चढाय लागला.

तानाजी मागनं म्हणाला, "पावणं, रस्सा गार व्हतोय."

"हू दे गार."

काटा लाल खुणंपाशी आला. जरा थांबल्यासारखा वाटला. मग गेला की पल्याड! अजून चढला, अजून चढला, आन मगच ठाक करून ठोकळा फुटला. दुसरा बी तसाच. तिसरा बी.

सर म्हणालं, "पास!"

मॅडम म्हणाल्या, "शामराव, आता तरी जेवा."

तानाजीनं डोळं पुसलं, डबा उघडला, भाकरी माझ्या हातात दिली. वास असा सुटलाता की सर बी जवळ आलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आन तानाजीच्या तोंडाफुडं धरला.

"आदी तू खा."