सिस्टरची स्कूटी आणि माझे दोन अबोले

माझा नवरा एसटीत कंडक्टर आहे. हिंगोली-वाशिम ही त्याची नेहमीची गाडी. दिवसभर तो शेकडो माणसांशी बोलतो आणि घरी आला की त्याच्या तोंडातून 'हं' शिवाय काही निघत नाही. निदान तेव्हा तरी निघत नव्हतं.

मी वसमतजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन हिंगोलीला आले. माहेरी आम्ही आणि चुलते एकाच अंगणात, त्यामुळे बोलायला माणूस शोधावं लागत नसे. इथे वसाहतीत आमच्या दोन खोल्या. लेक पहिलीत. ती शाळेत गेली की घरात मी आणि कुकर. दिवसभरात जे घडेल ते मी नवऱ्यासाठी साठवून ठेवायचे. नळाला पाणी कधी आलं, समोरच्या बाईंच्या गच्चीवरच्या कुरडया माकडांनी कशा पळवल्या, लेकीनं 'ळ' कसा उलटा काढला. संध्याकाळी तो दारात दिसला की मी सुरू. बूट काढता काढता त्याचं 'हं', तोंड धुता धुता 'हं', आणि जेवताना तर ताटावरच डुलकी.

लग्नाच्या वाढदिवसाला मी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. दुसरी पोळी अर्धी झाली आणि तो भिंतीला टेकून झोपला, हातात घास तसाच. मी हलवून उठवलं.

"बसमधल्या लोकांशी बोलायला तोंड हाय तुमाला. माझ्याशीच काहून न्हाई?"

तो दचकला. "तिथं मी दिवसभर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणतो. त्याला बोलणं म्हणतेत व्हय? तुला बी म्हणू का, पुढं सरक?"

आज हे लिहिताना हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. मी ताट उचललं आणि अबोला धरला.

अबोला धरायचं एक तंत्र असतं. माहेरच्या बायकांचं पाहून मी ते पुरतं शिकले होते. माणसाशी बोलायचं नाही, पण त्याला ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलायचं. "ज्याला भूक असल त्यानं वाढून घ्यावं," असं मी पातेल्याला सांगायचे. नवराही काही कमी नव्हता. तो कॅलेंडरकडे बघून म्हणायचा, "उद्या लवकरची ड्यूटी हाय म्हणं कोणाची तरी."

आमच्याच ओळीत दोन घरं सोडून एक नर्सबाई राहतात. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणते. पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांचे मिस्टर सेनगावकडे एका शाळेवर मास्तर, ते शनिवारी येतात. सिस्टरची बदली तेव्हा कनेरगाव नाक्याच्या आतल्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात झाली होती. नाक्यापर्यंत बस आणि पुढे पायी. त्यांची लेक शिकायला नांदेडला गेलेली, तिची स्कूटी अंगणात जुन्या साडीखाली झाकून ठेवलेली.

अबोल्याच्या चौथ्या दिवशी मी दारात उभी होते. सिस्टर ती स्कूटी फाटकाबाहेर ढकलत होत्या.

"बाई, मोकळी हायस का जरा?" त्यांनी विचारलं. "मागून धरशील? मला चालवता येत न्हाई."

"सर न्हाई शिकवत?"

"शिकवली की दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आमची सोडचिठ्ठीच व्हायची बाकी होती. एक सांगून ठेवते, नवऱ्याकडून गाडी शिकू न्हाई."

वसाहतीमागे मोकळं मैदान आहे. मी गाडीच्या मागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. सिस्टरनी मूठ पिळली आणि गाडी अशी सुटली, की मी चार पावलं धावले, माझी चप्पल मागे राहिली, दांडा हातातून गेला, आणि सिस्टर "अगं धर, अगं धर" म्हणत सरळ कुणीतरी रचून ठेवलेल्या तुराट्यांच्या ढिगात घुसल्या. मी एका पायात चप्पल घालून धावत गेले. मला वाटलं, रडण्याचा आवाज येतोय. जवळ गेले तर त्या हसत होत्या. चष्मा एका कानाला लटकलेला, केसांत काड्या, आणि हसणं थांबेना. मग मलाही थांबवता येईना. आम्ही दोघी तिथेच मातीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. हिंगोलीत आल्यापासून मी तशी हसलेच नव्हते.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता मैदान. लेक कडेला चिमण्यांमागे पळायची, सिस्टर गाडीवर, मी मागे. दमलो की बाभळीखाली बसायचं. आणि मी बोलायचे. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं मी त्यांच्यापुढे मोकळं केलं. नवरा काय म्हणाला, नवरा काय म्हणाला नाही, सासरी दिवाळीला काय झालं. घरी अबोला निवला होता, पण निम्माच. 'गॅस संपत आलाय', 'फी भरायची हाय' एवढं कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं.

आठ-दहा दिवस असे गेले. एक दिवस मी बोलत असताना सिस्टरनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"बाई, एक बोलू? रागावू नको. इतके दिवस झाले, तू तुझंच सांगून राहिली. मी ऐकते, त्याची तकलीफ न्हाई मला. पण माझा बी दिवस जातो की गं. एकदा बी इचारलं न्हाईस, सिस्टर, आज तुमचं काय झालं."

माझे कान गरम झाले. "मला घरी काम हाय," म्हणून मी उठले आणि लेकीचा हात धरून चालू लागले.

झालं. दुसरा अबोला. घरात कामापुरतं बोलणं आणि बाहेर तेही नाही. मी मनात सिस्टरशी तावातावानं भांडत होते. एवढा शहाणपणा शिकवायचा होता तर गाडी धरायला मला काहून बोलावलं? पाच वाजले की दार लावून घ्यायचे. मैदानाकडून गाडीचा आवाज आला की कुणी धरलं असेल मागून, असं वाटायचं, आणि त्याचाही राग यायचा.

सहाव्या दिवशी भाजी परतताना मी सवयीनं पातेल्याला म्हणाले, "लोकांना लई शहाणपण असतंय." आणि हात थांबला. सिस्टर दोन घरं पलीकडे होत्या. पातेलं काही त्यांना निरोप देणार नव्हतं. मी एकटीच उभी राहून ॲल्युमिनियमच्या भांड्याशी भांडत होते. पहिल्यांदा माझंच मला हसू आलं, आणि हसू आल्यावर राग काही टिकेना. नवऱ्याशी अबोला, सिस्टरशी अबोला. दोन्हीकडची माणसं वेगळी होती, पण अबोला धरणारी मात्र एकच होती.

अबोला झाला की आपणहून पहिलं बोलणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. समोरच्यानं बोलावं आणि मग मी मोठ्या मनानं उत्तर द्यावं, हीच माझी रीत. त्या दिवशी गॅस बंद केला आणि सिस्टरच्या दारात गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"सिस्टर, मी चुकले," मी म्हणाले. आणि लगेच विचारलं, "आज तुमचं काय झालं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बस," म्हणाल्या. "लांबड हाय."

मी बसले आणि मेथीची अर्धी जुडी ओढून घेतली. त्या दिवशी त्यांच्या उपकेंद्रात एक पहिलटकरीण आली होती. पोरगी भेदरलेली, तिनं सिस्टरचा हात जो धरला तो लेकरू होईपर्यंत सोडला नाही. मनगटावर तिच्या नखांच्या खुणा होत्या, त्या त्यांनी मला दाखवल्या. मुलगी झाली. पेढे मिळायला गावात दुकान नव्हतं, तर आजीनं घरातली गुळाची ढेप फोडली आणि सगळ्या गल्लीला खडे वाटले. सिस्टरच्या पर्समध्येही कागदात गुंडाळलेला एक खडा होता. तो आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाक्यापासून तो रस्ता एकटीनं चालायला भेव वाटतंय गं मला. सगळे म्हणतेत सिस्टर लई धीट. मग सांगावं कोणाला?"

ऐकणं हे गाडीमागे धावण्यापेक्षा अवघड काम आहे. 'माझ्या बाळंतपणात तर...' हे वाक्य तीनदा माझ्या ओठांपर्यंत आलं आणि तीनदा मी गिळलं. पण उठताना मला इतकं हलकं वाटत होतं, की माझं काहीच सांगायचं राहिलंय हे लक्षातही आलं नाही.

तेच मी घरी करून बघितलं. नवरा आला, मी गप्प. त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला. मग मी विचारलं, "आज बसमधी काय झालं?"

त्यानं संशयानं बघितलं. "काही न्हाई. काहून?"

"सगळ्यात जास्त कोण बोललं आज?"

तो जरा विचारात पडला, आणि त्याचा चेहरा उलगडला. "एक म्हातारी होती. पिशवीत कोंबडी. म्हणे, मला अर्धं तिकीट दे अन् कोंबडीला देऊच नको, तिला वाशिमला मन न्हाई जायाचं, मीच बळंच नेऊन राहिले." तो हसला. मग त्या कोंबडीनं पिशवीतून मान काढून एका सरपंचाच्या कानाला कशी चोच मारली, सरपंच कसे उठून मागे गेले, ते सगळं हातवारे करून सांगितलं. पंधरा मिनिटं तो बोलत होता. लग्नानंतर एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एवढं त्याला कधी विचारलंही नव्हतं.

मग तोच म्हणाला, "एक सांगू? मी दारात पाय ठेवला की मला वाटतं, तपासणी पथक गाडीत चढलं. तू बोलून राहिलीस, पण मला वाटतं माझं काही चुकलं, आता हिशोब द्या."

मला लागलं, पण मी उठून गेले नाही. म्हणाले, "अन् मला इथं कोणी न्हाई. म्हणून मी तुमची वाट बघते. दुसरं काही न्हाई त्यात."

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवशी आमचं ठरलं, आल्याबरोबर काही नाही. चहा झाल्यावर अर्धा तास, आधी त्याचं, मग माझं. माकडांच्या गोष्टी मी आता सिस्टरला सांगते. त्यांना त्या जास्त आवडतात.

सिस्टर गाडी शिकल्या आणि मग म्हणाल्या, "आता तू बस पुढं." नवऱ्याला माहीत होतं की मी सिस्टरच्या मागे धावते. आता सिस्टर माझ्यामागे धावतात, हे आम्ही मुद्दाम सांगितलं नाही. आरटीओत परीक्षेला दोघी एकदमच गेलो. आठचा आकडा काढताना सिस्टरचा पाय खाली टेकला, आणि मी पास झाले. मला तोंड कुठे लपवू असं झालं. पण त्यांनी तिथे सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि पुढे उभ्या असलेल्या साहेबाला सांगितलं, "हिला मी शिकवली!" पुढच्या खेपेला त्याही पास झाल्या.

मग एका रविवारी सिस्टरच्या त्या रस्त्यावर गाडी घालून बघायला दोघी कनेरगाव नाक्याला निघालो. मी पुढे, डोक्यावर हेल्मेट, सिस्टर मागे, धुळीपायी तोंडाला पदर. अर्ध्या रस्त्यात मागून हॉर्न वाजला. नवऱ्याचीच गाडी. स्कूटी ओळखून, पुढं सिस्टरच आहेत असं समजून तो खिडकीतून ओरडला, "सिस्टर, बाजूनं घ्या, बाजूनं!" बस पुढे गेली. सिस्टर मागे बसून माझ्या पाठीला डोकं लावून हसत होत्या आणि गाडी डुलत होती.

नाक्यावर बस उभी होती. तो सिस्टरना दोन समजुतीच्या गोष्टी सांगायला लगबगीनं आला, आणि मी हेल्मेट काढलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. बसच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कोण हाय वं, कंडक्टर सायब?"

"घरची मंडळी हाय."

"मग बसमधी काहून न्हाई आणली?"

"तिची तिला गाडी येते," तो म्हणाला, आणि ते त्यानं अशा आवाजात म्हटलं की मला खाली बघावं लागलं. मग माझ्याकडे वळून गंभीर चेहऱ्यानं, "लायसन?" मी काढून दिलं. त्यानं ते पास तपासावा तसं पुढून मागून बघितलं, परत दिलं, आणि बसमध्ये चढून घंटी मारली. बस वळेपर्यंत मागच्या काचेतून त्याचा हात हलत होता.

आमची भांडणं संपलेली नाहीत. कधी अर्धा तास ठरलेला असतो आणि तो झोपतो. कधी मी आल्या आल्या दारातच सुरू होते. सिस्टरशीही खटके उडतात, त्या फार फटकळ आहेत. पण अबोला आता एका जेवणापलीकडे टिकत नाही.

यंदाच्या वैशाखी पौर्णिमेला सिस्टरकडे खिरीचं बोलावणं होतं. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, सर आलेले. माझा नवरा सांगत होता की पाच मिनिटं बसू आणि निघू. सरांनी त्याला विचारलं, "सेनगावच्या गाड्या अशा काहून उशीर करतेत?" आणि दोघं जे बोलायला लागले, ते कोणत्या फाट्यावर कोणती गाडी थांबते इथून ते शाळेतल्या खिचडीपर्यंत. नवऱ्यानं तिसरी वाटी खीर घेतली. लेक सतरंजीवर पेंगुळली.

"उठव की तुझ्या नवऱ्याला," सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या.

"आधी तुमच्या सरांना उठवा."

कोणीच उठलं नाही. शेवटी लेकीला त्या दोघांच्या मधोमध निजवून आम्ही स्कूटीची किल्ली घेतली आणि चांदण्यात कयाधू नदीच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून आलो.