चिंचेनं घासलेली गाडी

फोन आला तेव्हा मी बेंगळुरूत एचएसआर लेआउटच्या सिग्नलला गाडीत बसले होते. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा, स्मिताचा फोन. "अक्का, विनय डोळेच उघडत नाहीये… तुम्ही या." सकाळी ऑफिसला जाताना बूट घालायला म्हणून तो स्टुलावर बसला, आणि तसाच भिंतीला टेकला. के. आर. पुरमच्या पुलाखाली नेहमीसारखी गाडीला गाडी चिकटलेली, आणि मी हॉर्नवर हात ठेवून सगळ्या गावाला शिव्या देत होते. पोचले तोवर त्यांच्याच इमारतीतले डॉक्टर येऊन, मान हलवून गेले होते. विनूनं पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या एकाच पायात बूट होता.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. विनूबद्दल वाईट बोलायला काही नाहीच. पण जिवंत माणसांसाठी तसला काही नियम मी ऐकलेला नाही, म्हणून आज आमच्या अप्पांबद्दल लिहिते आहे. अप्पा म्हणजे आमचे वडील. निपाणीकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आले, कारखान्यात फोरमन झाले, जयनगरला घर केलं. आता ऐंशीच्या पुढं आहेत, तब्येत ठणठणीत. त्यांनी माझ्या भावाची एक गोष्ट आयुष्यभर लोकांना हसत हसत सांगितली. ती गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या गोष्टीखाली माझा भाऊ दबून राहिला. आता तीच गोष्ट त्याच्या बारा वर्षांच्या मुलीच्या, इराच्या वाट्याला येते आहे. ती मी येऊ देणार नाही. हा लेख त्यासाठी आहे, आणि खरं सांगायचं तर सूड म्हणूनही आहे.

बेंगळुरूत खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक गाडी, सायकलपासून लॉरीपर्यंत, धुऊन पुसून नवरीसारखी सजते. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, आणि शेवटी गाडीपुढं कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. आमच्याकडं तोवर स्कूटरच होती. त्या वर्षी अप्पांनी पहिली गाडी घेतली, गर्द तांबडी, आणि तिच्यावर धुळीचा कण बसला तरी स्वतःच्या शर्टानं पुसायचे. खंडेनवमीच्या सकाळी आईनं आम्हा दोघांना मागच्या नळावर पितळी भांडी घासायला बसवलं होतं. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी. विनू तेव्हा दुसरीत की तिसरीत. त्यानं समई अशी काही घासली, की आई म्हणाली, "बघ, आरशागत झाली की! देवाला अशीच चकचकीत वस्तू लागते." झालं. एवढं कौतुक त्या पोराला पेलवेना. उरलेली चिंच, राख आणि शेंडी घेऊन तो मुकाट्यानं पुढच्या अंगणात गेला, आणि आता हिचीही पूजा व्हायची म्हणून त्यानं अप्पांची नवी गाडी घासायला घेतली. आख्खं बॉनेट आणि एक दार. गोल गोल, जोर लावून, समईसारखं.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. अप्पा हार घेऊन बाहेर आले, "काय करायलास रे विन्या?" म्हणाले, आणि तो अभिमानानं बाजूला सरकला. कोपरापर्यंत चिंचेचा कोळ, कपाळावर राख. "बघा की अप्पा, अजून हे एक दार राहिलंय," म्हणाला. त्याचं ते तोंड माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

अप्पांनी त्याला मारलं नाही, हे ते आजही मोठेपणानं सांगतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. चार फटके बसले असते, पोर रडलं असतं, रात्री आईनं तूप लावलं असतं, विषय संपला असता. अप्पांनी पूजा होऊ दिली, आणि मग प्रसादाचे चुरमुरे घ्यायला गल्लीतली जी जी माणसं आली, त्यांच्यापुढं विनूला दंडाला धरून उभा केला. "हे बघा आमच्या चिरंजीवांचं कलाकौशल्य!" लोक हसले. काही जण हसता हसता हळहळले, गाडीसाठी. पोरानं हे का केलं, हे त्याला एकानंही विचारलं नाही. गाडीला महिन्याभरात नवा रंग लागला आणि काहीच झालं नाही अशी ती दिसू लागली. पण दर खंडेनवमीला गाडीपुढं कोहळा फुटायच्या आधी अप्पा ओरडायचे, "आधी विन्याला फाटकाबाहेर काढा!" आणि विनू स्वतःच उठून बाहेर जाऊन उभा राहायचा. मिसरूड फुटलं तरी जात होता. आई मूग गिळून बसायची. मला मूग गिळता येत नाहीत.

एका वर्षी मी चाकाखालची चारही लिंबं काढून आणली आणि मागच्या अंगणात विनूला त्यांचं सरबत करून पाजलं. तिकडं अप्पांनी गाडी पुढं घेतली, तर चिरडायला लिंबूच नाही! पुढं वर्षभर गाडीचं काहीही बिघडलं की ते आठ्या घालून म्हणायचे, त्या दिवशी अपशकुन झाला होता. विनू घाबरायचा, "अक्का, सांगून टाकूया की." मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. आज सांगते. सरबत फक्कड झालं होतं, अप्पा.

मोठेपणी मी हट्टानं गाडी शिकले. पहिला पोचा पडला तेव्हा तो दुरुस्त न करता गाडी मुद्दाम जयनगरला त्यांच्या खिडकीसमोर आणून लावली, आणि पुढं कित्येक महिने तशीच लावत राहिले. विनू मात्र गाडी शिकला नाही. सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या हुद्द्यावर होता, हाताखाली पोरंसोरं होती, पण बसनं नाही तर रिक्षानं फिरायचा. माझ्या गाडीत बसला की दोन्ही हात मांडीवर घट्ट, आणि उतरल्यावर म्हणायचा, "अक्का, दार तू लाव." चाळिशी उलटलेला माणूस, गाडीचं दार लावायला धजत नव्हता! मी चिडून म्हणायचे, "अरे, आपट की एकदा, मोडलं तर मोडलं." तो हसायचा. तो सगळ्यावर हसायचा, म्हणून त्याला काही लागत नाही असं लोकांना वाटायचं. मला वाटतं, अप्पांनाही तसंच वाटत असावं… पण ही सवलत मी त्यांना देणार नाही.

आता जरा आईबापांसाठी. तुमच्या पोरानं गाडीला ओरखडा काढला, काच फोडली, तर काय करावं, हे मी माझ्या भावाकडं पाहिलं आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याकडं गेले होते, तेव्हा इरा खाली पार्किंगमध्ये स्केटिंग करताना तोल जाऊन एका स्कूटरवर आदळली आणि ती स्कूटर शेजारच्या मंजण्णांच्या गाडीवर पडली. दिवा फुटला, दार चेपलं. पोरगी जिना चढून वर आली ती पांढरीफटक. विनूनं पहिल्यांदा तिचा गुडघा बघितला. मग कोपर. मग पाणी दिलं, आणि शेजारी जमिनीवर बसून विचारलं, "काय झालं, सांग." मध्ये एकदाही न बोलता त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "चल, आपण दोघं जाऊन सांगू. बोलायचं तू, मी शेजारी उभा राहतो." दारात तिनं अर्ध्या कानडीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं. मंजण्णा स्वल्प चिडलेच. माणूसच तो, चिडणार. विनूनं चिडू दिलं. "भरपाई आम्ही करू, अण्णा, पण सॉरी तिचं आहे, ते आधी घ्या," म्हणाला. मंजण्णा त्या पोरीकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "परवागिल्ला पुट्टी, निनगे पेट्टागिल्वल्ला?" असू दे बाळ, तुला लागलं नाही ना. पुढचे काही शनिवार इरा मंजण्णांबरोबर त्यांची गाडी धुवायला जायची, मऊ फडकं आणि साबणाचं पाणी घेऊन. हे विनूनंच ठरवलं होतं. मी म्हटलं, तिला पुन्हा गाडीला हात लावू देतोस? तो म्हणाला, "म्हणूनच अक्का. तिच्या हाताची भीती तिलाच बसायला नको."

स्कूटर पडली त्या रात्री जेवताना मी गंमत म्हणून तो विषय काढणार होते. विनूनं ताटाकडं बघत मान हलवली. इरा हात धुवायला उठल्यावर हळूच म्हणाला, "ती गोष्ट तिची आहे. तिला वाटलं तर ती सांगेल. आपण सांगायची नाही." ती इथं छापण्याआधी मी इराला विचारलं. ती म्हणाली, "सांग आत्या, बाबाचं नाव घालून सांग."

तेराव्याला विनूच्या के. आर. पुरमच्या त्या छोट्या घरात माणसं मावत नव्हती. गावाकडचे आले होते, त्याच्या ऑफिसातले आले होते. अप्पा मधल्या खुर्चीत. कुणीतरी म्हणालं, फार गुणी पोर होतं. अप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "गुणी होय… पण हाताला यश नव्हतं बघा त्याच्या. लहानपणी माझी नवी गाडी चिंचेनं घासली होती!" आणि गोल गोल हातवारे करून सगळी गोष्ट सांगितली. त्याचा फोटो समोर, हार घातलेला, आणि लोक हसले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं दुसरं माणूस मेलं तरी गेली नाही. मी उठले तेवढ्यात स्मितानं माझा हात धरला, म्हणून त्या दिवशी वाचले अप्पा. पण पाण्याचे पेले घेऊन इरा दारात उभी होती. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना तिनं मला विचारलं, "आत्या, बाबा असा बावळट होता का गं?"

त्या पोरीच्या त्या एका प्रश्नावर मी कितीतरी रात्री जळते आहे.

अप्पांची नजर अधू झाल्यापासून दर रविवारी विनू दोन बस बदलून जयनगरला जायचा आणि त्यांना गावाकडच्या पेपरची ही पुरवणी फोनमध्ये उघडून वाचून दाखवायचा. पहिल्या पानापासून शब्दकोड्यापर्यंत. मध्येच अप्पा त्याचे उच्चार सुधारायचे, तो पुन्हा वाचायचा. त्याच्यामागं हे काम माझ्याकडं आलं आहे. विनू बसायचा त्याच वेताच्या बुटक्या स्टुलावर मी बसते, आणि त्याच्यासारखं एकही ओळ न गाळता वाचते. मृत्युलेखसुद्धा अप्पांना पुरे लागतात.

तेव्हा अप्पा, आज रविवार आहे आणि मी हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवते आहे. मध्ये थांबवू नका, उच्चार नंतर सुधारा. तुम्ही विनूला गल्लीपुढं उभं केलंत, मी तुम्हाला आख्ख्या पुरवणीपुढं उभं केलं आहे. कसं वाटतंय? तुम्हाला निदान खुर्ची आहे, त्याला तीही नव्हती. आता वाचायचं फारसं उरलेलं नाही. स्मिता आणि इरा आज माझ्याबरोबर आल्या आहेत, आत देवघराशी बसल्या आहेत. त्या पोरानं तुमची गाडी खराब केली नव्हती, अप्पा, तो तिला पूजेसाठी देवाच्या भांड्यासारखी करायला गेला होता. एवढं एक वाक्य बोला. इराला आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोला. तोवर मी इथून उठणार नाही.